विक्री जरा जास्तच झाली

आमच्यावर संकट आलं ते धंदा बुडाला म्हणून नाही, धंदा चांगला झाला म्हणून. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना वाटतं दुकानं बंद पडतात ती आळशी माणसांची. आम्ही आळशी नव्हतो. मी तर नव्हतेच. माझा धाकटा भाऊ सकाळी थोडा असतो, पण एकदा स्कूटरला किक बसली की तोही नसतो.

आमचं दुकान काजाच्या मशीनचं. शर्टाला बटण असतं, बटणाला काज लागतं, आणि काजं हातानं करत बसलं तर डोळ्यांचं वाटोळं होतं. मशीन काय करतं, काजाच्या दोन्ही कडा दोऱ्यानं भरतं आणि मग वरून एक पातं टपकन पडून मधलं कापड चिरतं. एवढंच. पण एवढंच नीट करणारी मशीनं बनवणाऱ्या कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातल्या एका परदेशी कंपनीचे या भागातले विक्रेते आम्ही. कंपनी तिकडे मशीन बनवायची, खोक्यात घालून बोटीनं पाठवायची. आम्ही बंदरावरून सोडवून आणायचो, विकायचो, बसवायचो, बिघडलं की शिव्या खायचो आणि दुरुस्त करायचो. बाबांनी सुरू केलेलं हे काम त्यांच्यामागे आम्ही दोघं भावंडं बरोबरीच्या भागीदारीत चालवत होतो.

बाबांचा एक नियम होता. कंपनीनं वर्षाला जेवढी मशीनं विकायला सांगितली असतील, त्याहून थोडी कमीच विकायची. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी डिसेंबर आला की बाबा सांगायचे, "माल संपला, नव्या वर्षात या." मला राग यायचा. मी म्हणायचे, हा कसला धंदा? ते म्हणायचे, "पाहुण्याला पोटभर वाढावं. पण इतकंही चांगलं वाढू नये, की तो उद्यापासून आपल्या स्वयंपाकघरातच मुक्काम ठोकेल."

मला हा निव्वळ भित्रेपणा वाटायचा. बाबा गेल्यावर हिशेबाची सूत्रं माझ्या हाती आली आणि मी पहिलं काम केलं ते हा नियम मोडण्याचं. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही, कुणी तशी अपेक्षा करत असेल तर इथेच वाचायचं थांबवावं.

विकणारा खरा माझा भाऊ. त्याची विकायची रीत अशी, की मशीन बसवून झालं की तो स्वतःच्या अंगातल्या शर्टाची खालची कड पुढे ओढायचा, मशीनखाली धरायचा आणि अंगावर शर्ट असतानाच तिथे एक काज करून दाखवायचा. पातं खाली यायचं तेव्हा गिऱ्हाईक डोळे मिटून घ्यायचं. मग हा शर्ट खोचायचा आणि म्हणायचा, "माझ्या पोटाजवळ चालवलं. आता तुम्हाला भीती नको. आणि पार्ट? मी जिवंत आहे तोवर पार्ट मिळणार." त्याच्या एकाही शर्टाची कड धड उरलेली नव्हती. भावजय म्हणायची, "चाळणी झाली आहे नुसती, पुसायलासुद्धा घेववत नाही."

या रीतीनं आम्ही मशीनं विकली. गल्लीबोळांतून, घरातल्या पुढच्या खोलीत शिवणाऱ्या बायकांना, शाळेचे गणवेश शिवणाऱ्यांना विकली. कंपनीनं सांगितलेला आकडा पहिल्या वर्षी गाठला, दुसऱ्या वर्षी ओलांडला, तिसऱ्या वर्षी तर कंपनीलाच खोकी पुरवता येईनात. मग तिकडून एक काचेचा मानाचा चषक आला आणि चषकापाठोपाठ साहेब आले.

साहेब तरुण होते, नम्र होते, आमची भाषा शिकून आले होते. वाईट माणूस म्हणावा असं त्यांच्यात काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याचाच मला जास्त राग आला. त्यांनी आमच्या काउंटरवर लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक रेघ जिन्यासारखी वर चढत होती.

"ही तुमची विक्री," साहेब म्हणाले. "आणि ही आडवी लाल रेघ पाहिलीत?"

"पाहिली. कसली आहे?"

"विक्री या रेघेच्या खाली असेल, तर तिकडे मशीन बनवून इकडे पाठवणं आम्हाला स्वस्त पडतं. बोटीचं भाडं आणि आयात कर धरूनही. विक्री रेघेच्या वर गेली, की त्या भाड्यात आणि करात इतकं जातं, की त्यापेक्षा इथेच कारखाना काढलेला बरा."

"आणि आम्ही वर गेलो."

"गेल्या वर्षी!" साहेबांचा चेहरा आनंदानं फुलला होता. "तुमच्यामुळेच हे झालं. मनापासून अभिनंदन. आता माल पाठवायची गरज नाही, कारखानाच येतोय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बाबांनी आयुष्यात असला आलेख पाहिला नव्हता, पण ती लाल रेघ त्यांना आमच्या काउंटरवरून दिसत होती. मी मात्र छाती पुढे काढून ती ओलांडली होती.

साहेबांनी एक करारपत्र पुढे केलं. कारखाना आता थेट विकणार, विक्रेता नको. दुकानाच्या नावापोटी कंपनी आम्हाला एकरकमी पैसे देणार. आकडा सांगत नाही, सांगितला तर तुम्हीही मला वेड्यात काढाल. बदल्यात आम्ही दोघांनी सह्या करायच्या, की पुढची पाच वर्षं काजाच्या मशीनला हात लावणार नाही. नवं विकायचं नाही, जुनं विकायचं नाही, दुरुस्ती नाही, सुटे पार्ट नाहीत.

"पार्टसुद्धा नाहीत?" मी विचारलं.

"ते वकिलांचं नेहमीचं वाक्य आहे," साहेब म्हणाले. "सह्या दोघांच्याही लागतील. तयार इमारत घेतलीय, दोन महिन्यांत उद्घाटन. त्या दिवशी कारखान्यात या, तिथेच चेक देऊ. तुमचा सत्कारही ठेवलाय."

गरज सरो, वैद्य मरो, पण मरताना वैद्याचा सत्कार करणारी ही पहिलीच मंडळी मी पाहत होते.

साहेब गेले, चहाचे कप तसेच होते, आणि भावानं करारपत्र ओढून घेऊन सही ठोकली.

"अरे, वाचलंस तरी का?"

"वाचलं. ताई, किती वर्षं मी या स्कूटरवर खड्डे मोजतोय? गुडघे गेले माझे. पोरीचं शिक्षण अजून व्हायचंय. असे पैसे पुन्हा कोण देणार आहे?"

"आणि आपण काय करायचं? नुसतं बसायचं?"

"लोक बसतात. मरत नाहीत बसून." त्यानं करारपत्र घडी घालून त्याच्या पिशवीत टाकलं. "तू सावकाश कर सही. पण कर."

त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. रस्त्यात माणसं थांबवून अभिनंदन करत. "तुमची कंपनी आली म्हणे इकडे! परदेशी गुंतवणूक! छान झालं हो." पेपरात फोटो येत. कुणाला सांगायचं, की बाजार उभा केला आम्ही, गिऱ्हाईक जोडलं आम्ही, आणि आता आयत्या बिळावर नागोबा येऊन बसतोय? तसं म्हटलं असतं तर पोटदुखी म्हणाले असते. आणि नोकऱ्या येत होत्या हेही खोटं नव्हतं. आमचा मिस्त्रीच आधी गेला. त्याला सगळे 'वेळेवर' म्हणायचे, कारण तो कधीच वेळेवर यायचा नाही. तो माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. म्हणाला, "ताई, गणवेश आहे, निवृत्तिवेतन आहे."

"जा," मी म्हटलं. "आणि तिथे तरी वेळेवर जा." मला त्याच्यावर रागावता येईना. तो गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं रडले, मग तोंड धुऊन काउंटरवर आले.

राग काढायला मग एकच जागा उरली. तिकडच्या कंपनीत आमची ऑर्डर घेणारी, खोकी भरवून बोटीवर चढवणारी जी बाई होती, तिला आम्ही घरात निर्यातबाई म्हणायचो. वीस वर्षं फोनवरची ओळख, प्रत्यक्षात एकदाही भेट नाही. आम्ही बोलायचो ती भाषा तिचीही नव्हती आणि माझीही नव्हती, त्यामुळे दोघीही सारख्याच चुका करायचो आणि एकमेकींना बरोबर समजायचो. तिच्या आईचं आजारपण मला माहीत होतं, माझ्या भावाच्या शर्टांची गोष्ट तिला माहीत होती. म्हणूनच संताप आला होता. तिकडची सकाळ होईपर्यंत मी थांबले आणि फोन लावला.

"तुला माहीत होतं," मी नमस्कारसुद्धा न करता म्हटलं. "इकडे कारखाना येणार हे तुला माहीत होतं, आणि तू मला सांगितलं नाहीस."

मग ती म्हणाली, "मला गेल्या सोमवारी कळलं. आमचा पूर्ण मजला बंद होतोय. तुमच्याकडे कारखाना झाला, की इकडून पाठवायला काही उरतच नाही ना. मग निर्यात विभाग कशाला? पुढच्या महिन्यात माझा शेवटचा दिवस."

इतके दिवस मला वाटत होतं, की आमचं जातंय ते त्यांना मिळतंय. तिकडे कुणाचं जात असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

"तुलाही सत्कार आहे का?" मी विचारलं.

"आहे. फुलं देणार आहेत," ती म्हणाली, आणि मग वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं एक शिवी दिली. तिच्या स्वतःच्या भाषेत दिली, मला अर्थ कळला नाही, पण मजा आली. मीही माझ्या भाषेतली एक दिली. तिला अर्थ विचारावा लागला नाही.

मग ती म्हणाली, "तुझ्या कागदात पार्टचं वाक्य आहे का?"

"आहे. वकिलांचं नेहमीचं म्हणे."

"नेहमीचं काही नाही. तुमच्या कारखान्यात फक्त नवं मशीन बनणार. त्याला जुनं पातं बसत नाही, खालून दोऱ्याचा फास घालणारा जुना लूपर बसत नाही. जुन्याचे पार्ट पाठवणं आजपासून बंद. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं जी मशीनं विकलीत, ती एकेक करून थांबणार, आणि लोकांना नवी घ्यावी लागणार. त्या नव्या कारखान्याच्या पहिल्या दोन वर्षांची विक्री त्यावरच धरलीय. तू पार्ट विकत राहिलीस तर जुनी मशीनं मरणार नाहीत."

मी स्टुलावर बसले. आमचं दुकान जाणार हे ठीक, पण आम्ही दारोदार जाऊन विकलेली मशीनं भंगारात घालायला कंपनी आमचीच सही मागत होती.

"ऐक," निर्यातबाई म्हणाली. तिचा आवाज आता खालच्या पट्टीत गेला होता. "पाती कंपनी कधीच बनवत नव्हती. आमच्या घरापासून दोन रस्ते सोडून एक लोहार आहे, त्याचा बाप बनवायचा, आता तो बनवतो. लूपर दोन भाऊ बनवतात. कंपनी नुसती घेऊन खोक्यात घालायची. त्यांनाही गेल्या आठवड्यात सांगितलंय, की आता माल नको. ते हातावर हात ठेवून बसलेत. मी सगळ्यांना ओळखते. खोकं कसं भरायचं, कुठला कागद कुठे लावायचा, हे मला झोपेतही येतं. फक्त इकडून पाठवणारी मी आहे, तिकडे घेणारं कोण आहे?"

मी लगेच हो म्हटलं नाही. खोटं कशाला सांगू? मला भीती वाटली. सही केली की आयुष्यभराची चिंता मिटत होती, आणि नाही केली तर भावाच्या तोंडचा घास मी काढून घेत होते. तिला म्हटलं, विचार करते.

दुसऱ्या दिवशी काजवाल्या मावशींकडून निरोप आला. या मावशी म्हणजे बटणगल्लीतल्या एका बारक्या खोलीत फक्त काजं करून देणाऱ्या. आसपासचे शिंपी शर्ट शिवत आणि काजांसाठी गठ्ठे मावशींकडे टाकत. आमच्याकडून त्यांनी गेल्याच वर्षी दुसरं मशीन घेतलं होतं. मिस्त्री नव्हता, म्हणून भाऊ आणि मी दोघंही गेलो.

खोलीत दोन मशीनं, दोन स्टुलं, कपड्यांचे गठ्ठे भिंतीला लागून छताला टेकलेले. वाट काढत जावं लागलं. पातं बोथट झालं होतं, कापड चिरायच्या ऐवजी फाडत होतं. भावानं जुनं काढून पिशवीतलं नवं बसवलं. मी पिशवीत डोकावले, तर आणखी दोनच उरली होती.

मावशींनी एक काज करून पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि भावाच्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "माझ्या मशीनचं काज अजून आहे का रे अंगावर? का तो शर्ट टाकलास?"

"घरी आहे, मावशी."

"ठेव हो. ते बघून घेतलं मी. नाहीतर या वयात दुसरं मशीन घ्यायचा माझा विचार नव्हता." मग त्यांनी सहज विचारलं, "कंपनी आली म्हणे इथे. आता पार्टची काही अडचण नाही ना?"

भावानं स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला. "नाही नाही," तो म्हणाला. "मिळतील की."

बाहेर आल्यावर मी त्याला निर्यातबाईनं सांगितलेलं सगळं सांगितलं. तो स्कूटरच्या आरशात बघत उभा राहिला.

"मला हे आत्ता का सांगतेस?" तो ओरडला. गल्लीतली दोन माणसं वळली. "सही केल्यावर का सांगतेस? मी एकटाच पापी, आणि तू मोठी साध्वी!"

"मी कुठे काय म्हटलं?"

"म्हणायला लागतं का? ताई, कंपनीनं पार्ट बंद केले, मी नाही. मी देव आहे का?" त्यानं किक मारली. मी पायी घरी गेले.

त्या दिवसापासून आम्ही एकाच घरात राहून भावजयीमार्फत बोलत होतो. "त्यांना सांग, मीठ द्या." "त्यांना सांग, समोरच आहे." भावजय दोघांनाही वैतागली. मी मात्र त्या संध्याकाळीच माझी स्वतःची एक ठेव मोडली, दुकानाची नाही, माझी, आणि निर्यातबाईला पाठवून दिली. भावाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि मला नाही ऐकायचं नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला. पिशवी खांद्याला, पिशवीत त्याच्या सहीचं करारपत्र. "चल," एवढाच एक शब्द. स्कूटरवर मागे बसून मी त्याच्या खांद्याऐवजी सीटचा दांडा धरला होता. काय करणार आहे ते मी त्याला सांगितलं नव्हतं, त्यानंही विचारलं नव्हतं.

कारखाना खरंच देखणा होता. चकचकीत फरशी, ताज्या रंगाचा वास, ओळीनं मांडलेली टेबलं. आमचा 'वेळेवर' निळ्या गणवेशात दारातच उभा होता, चक्क वेळेवर. मला बघून त्यानं टोपी काढली. साहेबांनी आम्हाला काचेच्या खोलीत नेलं, खुर्च्या दिल्या, चेकचं पाकीट टेबलावर ठेवलं आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे केलं.

"साहेब," भाऊ मध्येच बोलला. "एक विचारायचं होतं. जुन्या मशीनला पातं मिळेल का इथे?"

"जुनं मॉडेल बंद झालं. पण तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांना आम्ही नव्या मशीनवर चांगली सवलत देणार आहोत."

"सवलत नाही विचारली. पातं विचारलं."

"ते नाही मिळणार," साहेब म्हणाले.

भावाचा हात पिशवीच्या चेनकडे गेला. मला वाटलं, आता बोलायला हवं, नाहीतर हा पिशवी उघडेल. मी पेनाचं टोपण उचललं, पेनाला घट्ट लावलं आणि पेन साहेबांपुढे ठेवलं.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. "तुमचा कारखाना इथे आला, येऊ दे. नवं मशीन विका, भरपूर विका, रस्ता आम्ही करून ठेवलाय, त्याचं भाडं मागत नाही. पण आम्ही विकलेली मशीनं आमच्याच हातानं मारणार नाही. माणसांनी ती आमचा शब्द घेऊन विकत घेतली आहेत, तुमचा आलेख बघून नव्हे."

साहेब रागावले नाहीत. दिलगिरीच्या स्वरात म्हणाले, "मॅडम, भावना समजतात. पण व्यवहार बघा. कंपनीचं नाव तुम्हाला वापरता येणार नाही."

"नाव तुमचं तुम्हाला लखलाभ. पात्याला नाव लागत नाही, धार लागते."

"पण ती आणणार कुठून? तुम्हाला माल पाठवणारं तिकडे कुणी उरलेलंच नाही. आमचा निर्यात विभाग आजपासून बंद आहे."

"विभाग बंद आहे," मी म्हटलं. "बाई चालू आहे."

मी फोन लावला आणि टेबलाच्या मधोमध, पाकिटाशेजारी ठेवला. दोनदा वाजल्यावर निर्यातबाईचा आवाज त्या काचेच्या खोलीत भरला. मागे माणसांचा गलका होता, तिचा निरोपसमारंभ चालू असणार.

"बोल. मी फुलं घेऊन उभी आहे."

"मी तुमच्या साहेबांसमोर बसले आहे. त्यांना जरा सांग, इकडे माल कोण पाठवणार."

मला वाटलं, ती घाबरेल. तिथे तिच्याभोवती तिचे साहेब असतील. मग एक दार बंद झाल्याचा आवाज आला, असं मला वाटलं. पण दार बंद नव्हतं झालं, तिनं फुलं कुठेतरी आपटली होती, कारण गलका तसाच होता आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"मी पाठवणार. माझ्या नावानं. पहिलं खोकं सकाळी इथल्या बंदरावर पोचलं. पाती लोहाराची, लूपर दोन भावांचे, खोकं माझं. कुणाला काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा, दुपारनंतर मी तुमची नोकर नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. "तुमची सही तरी झालीय, असं तुम्ही कळवलं होतं."

"झालीय," भाऊ म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. त्यानं पिशवी मांडीवर घेतली, तिची अर्धवट उघडी चेन शेवटपर्यंत ओढून बंद केली आणि उठला. "पण ती आमच्या घरची गोष्ट आहे."

चेकचं पाकीट टेबलावरच राहिलं. बाहेर बँड वाजायला लागला होता, आणि सत्काराच्या दोन खुर्च्या पहिल्या रांगेत रिकाम्या दिसत होत्या. आम्ही त्यांच्या मागून चालत फाटकाबाहेर आलो.

स्कूटर घराकडे निघाली. वारा कानात. मी या वेळी त्याचा खांदा धरला होता. आता मला कळत होतं, मी काय केलं ते. त्याच्या पोरीचं शिक्षण, त्याचे गुडघे, सगळं मी त्या टेबलावर ठेवून आले होते.

"मला न विचारता खोकं मागवलंस," तो पुढे बघूनच म्हणाला.

"हो."

"कशाच्या जोरावर?"

"माझी ठेव मोडली."

"शाबास. म्हणजे आता दोघंही उघड्यावर." त्यानं एक खड्डा चुकवला, दुसऱ्यात घातली. "भागीदार आहे मी. विचारायचं असतं."

"तू सही करताना मला विचारलं होतंस?"

सिग्नलला थांबलो. त्यानं मान अर्धी मागे वळवली. "पाती किती आहेत खोक्यात?"

मी आकडा सांगितला.

"एवढीच?" तो मागच्या गाडीवाल्यानं दचकावं इतक्या जोरात म्हणाला. "एवढ्यात बटणगल्लीसुद्धा पुरी होणार नाही! तुला विक्रीतलं काही कळतं का? आजच फोन कर तिला. तिप्पट सांग."

सिग्नल सुटला. घराकडे जायला उजवीकडे वळायचं होतं, यानं स्कूटर सरळ दामटली.

"अरे, कुठे?"

"मावशींकडे," तो म्हणाला. "तिथून पुढच्या गल्लीत. त्या कारखान्याची माणसं पोचायच्या आधी सगळ्यांना सांगायला नको, पार्ट मिळणार म्हणून?"